पत्र्यांची गल्ली

तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचं मंगळसूत्र आमच्या इमारतीला लागून असलेल्या गल्लीत खेचलं गेलं ९ नोव्हेंबर २०२२ ला, पहाटे पावणेसहाला. त्या गल्लीतला दिवा गेला होता ऑगस्ट २०२१ मध्ये. तारखा मला पाठ आहेत. मी सोसायटीची खजिनदार, आणि बँकेत अठ्ठावीस वर्षं काढल्यामुळे हिशोबाच्या वहीच्या मागच्या पानांवर जे घडेल ते लिहून ठेवायची सवय आहे.

काकू चार पावलं फरफटत गेल्या. मानेवर वळ उठला, उजवं मनगट मोडलं. त्या संध्याकाळी मी वही उलटी करून मागची पानं वाचली आणि माझे हात थरथरायला लागले. काकूंवर जे ओढवलं ते एका पहाटेत ओढवलं नव्हतं. पानापानांवरून ते जवळ येत होतं आणि मी ते सुवाच्य अक्षरात लिहून ठेवत होते.

गल्ली म्हणजे आमची इमारत आणि शेजारची इमारत यांच्यामधला साठ-सत्तर पावलांचा रस्ता. स्टेशनला जायला जवळचा. शेजारची इमारत २०१८ मध्ये पुनर्विकासासाठी रिकामी झाली. आठ फुटी निळे पत्रे ठोकले गेले. दीडेक वर्षात काम थांबलं, बाहेर राहायला गेलेल्या लोकांची भाडी थांबली, आणि इमारत ना पडली ना उभी राहिली. मुंबईत आणि आसपास राहणाऱ्या कुणालाही हे चित्र नव्याने सांगायला नको. पत्र्यांआधी तिथे तळमजल्यावर पिठाची गिरणी होती. तिच्या बाजूला ब्लाउज शिवणाऱ्या एक बाई बसायच्या. पहिल्या मजल्याच्या खिडकीत एक आजोबा सकाळपासून पेपर घेऊन असायचे आणि खालून जाणाऱ्या प्रत्येकाला ‘काय, ऑफिस?’ म्हणून विचारायचे. त्या गल्लीची राखण तेव्हा हीच माणसं करत होती. आम्हाला मात्र तसं कधी वाटलं नाही, कारण त्यांनाही तसं वाटत नव्हतं.

मग दिवा गेला. ऑक्टोबरात कुणीतरी बाथरूमच्या फोडलेल्या फरशा गोणीत भरून पत्र्याला टेकवून ठेवल्या. तीन गोण्या. दिवाळीनंतर मोजल्या तर अकरा. त्यातल्या दोन आमच्याच इमारतीतल्या होत्या, एका फ्लॅटचं काम चाललं होतं तिथल्या. हे मला माहीत होतं आणि मी त्या घरी जाऊन बोलले नाही. २०२२ च्या जानेवारीत नंबरप्लेट नसलेली एक स्कूटर त्या राडारोड्याशेजारी येऊन उभी राहिली. आठवड्याभरात आरसे गेले, मग बॅटरी गेली, होळीच्या सुमाराला पुढचं चाक गेलं. मार्चमध्ये पत्र्याचा खालचा कोपरा कुणीतरी आत वाकवला, माणूस वाकून जाईल एवढा. जूनमध्ये पावसाच्या आवाजाआड आतले नळ, वायरी, खिडक्यांचे ग्रिल निघून गेले. ऑगस्टपासून संध्याकाळी आत चार-पाच मुलं बसायला लागली, सकाळी पत्र्यापाशी बाटल्या आणि कफ सिरपचे रिकामे खोके दिसायचे. सप्टेंबरची नोंद अशी आहे: ‘कॉलेजच्या मुली आता मेन रोडने जातात.’ त्याबद्दल कुणी बैठकीत एक शब्द काढला नाही. मुलींनी आपापला रस्ता बदलला, एवढंच.

फरशा टाकणारा, चाक काढणारा, वायरी नेणारा आणि काकूंच्या गळ्याला हात घालणारा, हे चौघं वेगळे होते याची मला जवळजवळ खात्री आहे. एकमेकांना ते ओळखतही नसतील. पण प्रत्येकाने आधीच्याने ठेवलेली खूण वाचली. इथे कुणी हटकत नाही, ही ती खूण. पहिली खूण ठेवणाऱ्यांत आम्ही होतो.

माझी लेक फिलाडेल्फियाला असते, सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करते. काकूंचं ऐकल्यावर ती फोनवर म्हणाली, “आई, तुझ्या वहीतली स्कूटर आहे ना, तसा प्रयोग १९६९ मध्ये झालाय.” फिलिप झिम्बार्डो या मानसशास्त्रज्ञाने दोन गाड्या, नंबरप्लेट काढून आणि बॉनेट उघडं टाकून, दोन ठिकाणी सोडून दिल्या. एक न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्समध्ये, दुसरी कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोत. ब्रॉंक्समधल्या गाडीला दहा मिनिटांत पहिले हात लागले, आणि ते होते आई, बाप आणि त्यांचा लहान मुलगा. रेडिएटर आणि बॅटरी काढून घेऊन गेले. एका दिवसात गाडीत किमतीचं म्हणावं असं काही उरलं नाही. पालो आल्टोतली गाडी आठवडा उलटून गेला तरी तशीच. शेवटी झिम्बार्डोने आणि त्याच्या विद्यार्थ्यांनी स्वतःच तिच्यावर घण घातला, आणि मग काही तासांत ती गाडी उलटी होऊन तिचा चुराडा झाला.

या प्रयोगाचा आधार घेऊन जेम्स विल्सन आणि जॉर्ज केलिंग यांनी ‘अटलांटिक’ मासिकात एक लेख लिहिला. इमारतीची एक काच फुटली आणि ती बदलली नाही, तर बाकीच्या काचाही फुटतात, कारण न बदललेली काच ‘इथे कुणाला पडलेली नाही’ असं सांगत राहते. तिथून वस्तीत भीती शिरते, लोक घराबाहेर पडेनासे होतात, आणि मोकळ्या पडलेल्या रस्त्यावर मोठे गुन्हे येतात, असा त्यांचा धागा. फुटक्या खिडक्यांचा सिद्धांत म्हणून तो जगभर गेला. मला त्या प्रयोगात ब्रॉंक्सची गाडी जास्त बोलकी वाटते. तिची काच कुणी आधी फोडली नव्हती. ती फक्त अशा जागी उभी होती जिथे ‘अहो, कुणाची गाडी ही?’ असं विचारायला कुणी येणार नव्हतं. आपल्याकडे याला नेमका शब्द आहे: बेवारस.

लेकीने लेखाचा महिना सहज सांगितला, मार्च १९८२, आणि मी फोनवर गप्प झाले. मार्च १९८२ मध्ये मी तेरा वर्षांची होते. लालबागच्या आमच्या चाळीत गिरणीचा भोंगा ऐकू येऊन दोन महिने झाले होते.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. माझे वडील साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते. आई बारा जणांची खाणावळ चालवायची. संपाआधीचं आमचं लालबाग जर कुणी परक्याने गाडीतून फिरून पाहिलं असतं, तर अव्यवस्थेची म्हणावी अशी प्रत्येक गोष्ट त्याला सापडली असती. भिंती धुराने काळ्या. गटारं उघडी. जिन्यात पानाच्या पिचकाऱ्या. नाक्यावर मटक्याचे आकडे घेणारा, मागच्या बोळात हातभट्टी, रात्री फुटपाथवर ओळीने झोपलेली माणसं. आणि त्याच लालबागमध्ये रात्री बाराला दुसरी पाळी सुटली की आई मला, बारा वर्षांच्या मुलीला, खाली पिटाळायची, ‘जा, मंडळी आली का बघ, भाकऱ्या टाकायला घेते.’ मी एकटी तीन जिने उतरून नाक्यापर्यंत जायची. भीती म्हणजे काय ते मला तिथे कधी कळलंच नाही. फुटपाथवर झोपलेला प्रत्येक माणूस कुणाच्या तरी गावचा होता, कुणाच्या तरी खात्यातला होता. गॅलरीत कुणी ना कुणी जागं असायचं, कारण तीन पाळ्यांच्या वस्तीत सगळे एकदम झोपतच नाहीत. एकदा शाळा बुडवून मी भारतमाता थिएटरच्या दारात उभी राहिले होते. ज्या बाईने माझा कान धरून घरी आणलं तिचं नाव मला आजही माहीत नाही.

लालबाग घाणेरडं होतं, पण बेवारस नव्हतं. माझ्या या सगळ्या विचारांचा खुंटा तोच आहे.

संपानंतर भिंती आधी होत्या तितक्याच काळ्या राहिल्या. राबता मात्र तुटला. खाणावळीतले बाराच्या बारा जण एकेक करून गावी गेले, कुणी कोकणात, कुणी घाटावर. रात्री बाराला रस्त्यावर यायला कुणाला काही कारणच उरलं नाही. ज्या मुलांना भोंग्याच्या भरवशावर गिरणीत चिकटायचं होतं ती नाक्यावर उभी राहायला लागली आणि तिथून टोळ्यांनी त्यांना उचललं. आमच्या मजल्यावरचा एक मुलगा, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, ज्याने मला चौकात सायकल शिकवली, तो १९९० च्या आसपास अशाच एका भांडणात मेला. त्याची आई पुढे वर्षानुवर्षं गॅलरीत त्याच खांबाला टेकून बसायची. त्या मुलाला भिंतीवरच्या पिचकारीने नेलं नाही. घरात पगार यायचा थांबला, वडील अंथरुणाला खिळले, आणि ज्याने पाचशे रुपये हातावर ठेवले त्याचं त्याने ऐकलं. म्हणून फुटक्या खिडकीची गोष्ट कुणी फार सोपी करून सांगायला लागलं की माझं मन मागे येतं. काच कशामुळे फुटली आणि ती बदलायला घरात माणूस का उरला नाही, हे त्या गोष्टीत नसेल तर ती अर्धीच आहे.

बंद पडलेल्या गिरण्यांचं पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, मॉल झाले, टॉवर झाले. काहींचं काहीच झालं नाही. बँकेत असताना माझी तीन वर्षं बदली महालक्ष्मीला होती. स्टेशनजवळ शक्ती मिलची पडकी भिंत होती, भेगांतून पिंपळ फुटलेले, आत माणूसभर उंच झुडपं. शाखेतल्या आम्ही बायका तिथून जाताना न ठरवता पावलं उचलायचो. २२ ऑगस्ट २०१३ च्या संध्याकाळी एक तरुण छायाचित्र-पत्रकार तिच्या सहकाऱ्याबरोबर त्या ओसाड गिरणीचेच फोटो काढायला आत गेली होती आणि तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. तपासात पुढे आलं की ३१ जुलैला तिथेच एका टेलिफोन ऑपरेटरवर असाच अत्याचार झाला होता, आणि तीन आरोपी दोन्ही प्रकरणांत होते. ही दुसरी गोष्ट मला आजही झोपू देत नाही. तीन आठवडे. त्या माणसांना ती जागा माहीत होती. तिथे कुणी येत नाही, कुणी ऐकत नाही, याचा त्यांना अनुभव होता. गुन्हा त्यांनी केला, झुडपांनी नाही, आणि शिक्षाही त्यांना झाली. पण त्या दिवसांत लोकल ट्रेनमध्ये मी ‘ती तिथे गेलीच कशाला’ हे जितक्या वेळा ऐकलं, त्याच्या निम्म्याने जरी ‘महालक्ष्मीसारख्या ठिकाणी एवढी जागा इतकी वर्षं अशी कुणी पडू दिली’ हे ऐकलं असतं, तरी मला जरा बरं वाटलं असतं.

न्यूयॉर्कने फुटक्या खिडकीचा अर्थ पोलिसांच्या हातात दिला. १९९४ मध्ये विल्यम ब्रॅटन पोलीस आयुक्त झाले आणि तिकीट चुकवणं, रस्त्यात दारू पिणं, सिग्नलला गाड्यांच्या काचा पुसून पैसे मागणं अशा बारीकसारीक गोष्टींवर धरपकड सुरू झाली. १९९० मध्ये त्या शहरात २,२०० हून जास्त खून झाले होते, १९९८ मध्ये ६३३. आकडा बघून कुणालाही वाटेल की उपाय सापडला. पण त्याच वर्षांत अशी धरपकड न करणाऱ्या सॅन दिएगोसारख्या शहरांतही गुन्हे झपाट्याने उतरले, आणि न्यूयॉर्कमध्ये पोलिसांची संख्याही वाढली होती, क्रॅक या कोकेनपासून बनणाऱ्या नशेची लाटही ओसरत होती. मी हिशोबनीस आहे. एका जमेच्या रकमेला चार कारणं असताना ती एकाच्याच खात्यावर टाकणं मला मान्य नाही. शिवाय खर्चाची बाजू पाहायला हवी. २०११ या एका वर्षात न्यूयॉर्कच्या पोलिसांनी रस्त्यात थांबवून झडतीच्या नावाखाली ६ लाख ८५ हजारांहून अधिक वेळा लोकांना अडवलं, त्यांत बहुतांश काळे आणि लॅटिनो तरुण, आणि दहांतले जवळजवळ नऊ जण पूर्ण निर्दोष निघाले. २०१३ मध्ये न्यायालयाने ही पद्धत घटनाबाह्य ठरवली. पुढच्या चार-पाच वर्षांत अशी अडवणूक लाखांवरून दहा-बारा हजारांवर आली आणि त्या काळात शहरात गुन्हे वाढले नाहीत. १७ जुलै २०१४ ला स्टेटन आयलंडवर एरिक गार्नर नावाच्या ४३ वर्षांच्या माणसाला पोलिसांनी धरलं. संशय होता सुट्या सिगारेटी विकण्याचा. गळा आवळून त्याला खाली पाडलं. ‘मला श्वास घेता येत नाहीये’ हे त्याने अकरा वेळा सांगितलं आणि तो मेला.

सुट्या सिगारेटी. आपल्याकडे प्रत्येक पानाच्या टपरीवर मिळतात.

२०२३ च्या उन्हाळ्यात मी लेकीकडे गेले. तिने पहिल्याच रविवारी मला वेस्ट फिलाडेल्फियात एका वस्तीत नेलं. जोडून जोडून बांधलेली दुमजली विटांची घरं, प्रत्येकाला रस्त्यावर उतरणाऱ्या तीन-चार पायऱ्या, आणि पायऱ्यांवर बसलेली माणसं. मला ते आमच्या गावच्या ओट्यांसारखं वाटलं. मधेच दात पडल्यासारख्या मोकळ्या जागा, घर पाडलं आणि परत बांधलं नाही अशा. काही जागांत टायर, गाद्या, छातीएवढं गवत. आणि काही जागा अगदी साध्या: कापलेलं गवत, दोन-तीन झाडं, आणि कडेने गुडघ्याच्या वर येईल एवढं लाकडी आडव्या दांड्यांचं कुंपण, त्यात ये-जा करायला मुद्दाम सोडलेली फट. बाग म्हणावी असंही काही नाही. बाक नाही, कारंजं नाही.

लेक म्हणाली, “बघ, हे आमचं औषध.” चार्ल्स ब्रॅनस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फिलाडेल्फिया शहरातल्या ५४१ पडीक जागा निवडून औषधाची चाचणी करतात तशी चिठ्ठ्या टाकून वाटणी केली. काही जागांवर कचरा काढून गवत, झाडं आणि ते लाकडी कुंपण. काहींवर फक्त साफसफाई आणि गवत कापणं. काहींना हातच लावला नाही. २०१८ मध्ये निष्कर्ष छापून आले: सर्वांत गरीब वस्त्यांत, जिथे जागांची निगा राखली गेली त्यांच्या आसपास बंदुकीची हिंसा २९ टक्क्यांनी कमी झाली. एकाही माणसाला अटक न करता. मी तिला तीनदा विचारलं, गवताने गोळीबार कसा थांबेल? तिने सांगितलं ते साधं होतं. उंच गवतात आणि टाकून दिलेल्या गाड्यांत बंदुका लपवता येतात, कापलेल्या गवतात येत नाहीत. आणि माणसं पुन्हा बाहेर बसायला लागतात. समोरच्या पायरीवर एक वयस्कर काळ्या आजीबाई बसल्या होत्या. लेकीने त्यांना हात केला, त्यांनीही केला. मग त्या मला म्हणाल्या, कुंपण बुटकं आहे ना, म्हणून पलीकडचं दिसतं.

मी त्या वाक्याला धरूनच घरी आले. आमचे पत्रे आठ फुटांचे होते.

लेकीने मला शिकागोचंही दाखवलं. रॉबर्ट सॅम्पसन आणि स्टीफन रॉडेनबुश यांनी गाडीतून सावकाश फिरत तेवीस हजारांहून अधिक रस्त्यांच्या तुकड्यांचं चित्रीकरण केलं, कचरा किती, भिंतींवर रंगवलेलं किती, ते मोजलं, आणि गुन्ह्यांशी ताडून पाहिलं. गरिबी आणि शेजाऱ्यांचा एकमेकांवरचा भरवसा हे दोन्ही हिशोबात धरले, की कचरा आणि गुन्हा यांचं थेट नातं बहुतेक ठिकाणी विरून जात होतं. दोन्ही एकाच मुळातून येत होते. शेजाऱ्यांचा भरवसा मोजायला त्यांनी विचारलेला एक प्रश्न असा होता: शाळा बुडवून मुलं नाक्यावर उभी असतील तर तुमचे शेजारी मधे पडतील का? मी ते वाचलं आणि मला भारतमाताच्या दारातली ती बाई आठवली. माझा कान आठवला.

परत आल्यावर मी सर्वसाधारण सभेत विषय घेतला. राडारोडा उचलायला तीन टेम्पो, साडेआठ हजार. दिव्याच्या चार तक्रारी करून झाल्या होत्या आणि प्रत्येक वेळी काम झाल्याचा मेसेज आला होता, दिवा आला नव्हता. म्हणून आमच्याच कंपाउंडच्या भिंतीवर, आमच्या मीटरवरून एक एलईडी लावायचा. ‘रस्त्यासाठी सोसायटीचे पैसे का’ यावर दीड तास वाद झाला. काकू प्लास्टर निघालेला हात मांडीवर ठेवून पुढच्या खुर्चीत बसल्या होत्या, काही बोलल्या नाहीत. ठराव १९ विरुद्ध ११ ने झाला.

त्याच सभेत दुसरा एक ठराव येऊन पडला होता. आमच्या गेटजवळ एक इस्त्रीवाले काका टेबल लावतात, कोळशाची इस्त्री, वर निळी ताडपत्री. धूर होतो, गेट घाण दिसतं, त्यांना हटवा, असा अर्ज आठ सभासदांच्या सहीने आला होता. ही माणसं वाईट नाहीत. त्यांना खरोखर वाटत होतं की टेबल हटलं की परिसर सुधारेल आणि सुरक्षित होईल. मी उभी राहिले आणि म्हटलं, काकांना हटवू नका, गल्लीच्या तोंडाशी बसवा. एका सभासदाने विचारलं, म्हणजे घाण एका जागची काढून दुसरीकडे? मी म्हटलं, सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत रस्त्याकडे तोंड करून उभा असलेला माणूस आपल्याला पगार देऊनही मिळणार नाही, आणि या इमारतीतल्या प्रत्येक घरातला प्रत्येक माणूस त्यांना कपड्यांवरून ओळखू येतो. माझा आवाज चढला होता, हे मला नंतर कळलं.

काका तयार नव्हते. “तिथं गिऱ्हाईक येनार नाय, ताई. आनि गाडी आली तर पयला मीच.” गाडी म्हणजे अतिक्रमणवाल्यांची. त्यांचं म्हणणं खरं ठरलं. जानेवारी २०२४ पासून ते गल्लीच्या तोंडाशी बसतात, आणि तेव्हापासून त्यांचं टेबल दोनदा उचललं गेलंय. दोन्ही वेळा सोडवायला आम्ही वर्गणी काढली. दुसऱ्या वेळी त्या आठ सह्यांपैकी पाच जणांनी पैसे दिले. आता काकांच्या शेजारी एक भाजीवाली बसते, तिच्यामुळे संध्याकाळी बायका थांबतात. कॉलेजच्या मुली परत गल्लीतून जातात. त्यांना मी काही सांगितलं नव्हतं, जशा गेल्या होत्या तशाच आल्या.

तेव्हापासून त्या गल्लीत मंगळसूत्र किंवा मोबाइल खेचल्याची घटना नाही. याने काही सिद्ध होतं असं मी म्हणणार नाही. एक गल्ली आणि थोडी वर्षं एवढ्यावर ताळेबंद मांडता येत नाही.

आणि वहीत एक नोंद अशीही आहे जी मला टाळता येत नाही. पत्र्याआड बसणारी ती मुलं आता स्टेशनच्या स्कायवॉकखाली बसतात. फिलाडेल्फियात गुन्हे शेजारच्या रस्त्यावर सरकले नाहीत असं लेक सांगते, आणि माझा तिच्यावर विश्वास आहे. पण माझ्या डोळ्यांसमोर मुलं सरकली. त्यांतला एक जण आमच्याकडे धुणंभांडी करायला येणाऱ्या बाईंचा मुलगा आहे, एकोणीस वर्षांचा. दहावीनंतर शाळा सुटली, एका कुरिअरच्या गोदामात सहा महिने होता, ते काम गेलं. जिन्यात दिसला की खाली मान घालतो. मला दरवेळी आमच्या मजल्यावरचा सायकल शिकवणारा आठवतो. त्याच्याशी नेमकं काय बोलायचं, हे तेव्हा चाळीत कुणाला सुचलं नव्हतं. मी दोनदा या मुलाला थांबवून नुसतं ‘जेवलास का’ विचारलंय. एकदा तो हो म्हणाला, एकदा हसला.

परवा त्याची आई भांडी घासता घासता म्हणाली, “ताई, गल्लीत दिवा लावला तसा स्कायवॉकखाली पन लावा ना कुनाला सांगून. मला त्याला शोधायला जावं लागतं रात्री. काय दिसत नाय.”

मी वहीत लिहून घेतलं. तो खांब कुणाच्या हद्दीत येतो, रेल्वेच्या की रस्त्याच्या, ते विचारायला सोमवारी जायचंय. काकू म्हणाल्या, त्यापण येतात.